वाड्यात सापडलेले प्रोपेलरचे पाते नेमके कोणत्या विमानाचे?

नारायण पेठेतील एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुनर्विकासासाठी वाडा रिकामा करताना माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेले विमानाच्या पंख्याचे एक धातूचे पाते सापडले. त्याची बुडापासून टोकापर्यंतची लांबी साधारण सव्वाचार फूट आहे. रंग काळपट असून टोकाला पिवळ्या पट्ट्याचे अवशेष दिसतात. बुडाजवळ ठोकलेल्या आकड्यांपैकी शेवटचे '०१ए-१२' एवढेच वाचता येते. आजोबांनी ते लोहगावच्या लिलावातून आणले आणि ते स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचे आहे, असे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. हे खरे आहे का, पात्याला काही मोल आहे का आणि ते बफिंग करून नव्या फ्लॅटच्या दिवाणखान्यात लावावे का, असे त्यांनी विचारले आहे. सोबत तीन छायाचित्रेही पाठवली आहेत.

आधी निष्कर्ष सांगतो. हे पाते स्पिटफायरचे नाही. ते हॅमिल्टन स्टँडर्ड पद्धतीच्या दोन पात्यांच्या प्रोपेलरचे असून, भारतात असा प्रोपेलर प्रामुख्याने हार्वर्ड या प्रशिक्षण विमानावर असे. मात्र 'हार्वर्डच्या प्रोपेलरचे' असे म्हणणे आणि 'अमुक एका हार्वर्डचे' असे म्हणणे यांत मोठे अंतर आहे. पाते आपल्याला प्रोपेलर सांगते. विमान क्वचितच सांगते. हे ध्यानात ठेवले तर अशा वस्तूंबाबतचे बहुतेक घोळ टळतात. बफिंगचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. का, ते पुढे येईलच.

ओळख पटवण्याचे काम नेहमी बुडापासून सुरू करावे. लोक सवयीने पात्याची रुंद बाजू, रंग आणि टोक पाहतात आणि छायाचित्रेही त्यांचीच काढतात. खरी माहिती मात्र हबमध्ये, म्हणजे सगळी पाती ज्यात बसवतात त्या मधल्या भागात, झाकल्या जाणाऱ्या गोल भागावर असते. आपल्या दुसऱ्या छायाचित्रात बुडाच्या तोंडाशी आत निमुळते होत गेलेले एक भोक दिसते आणि त्याच्या कडेला पितळी छटेचे कडे आहे. भंगारवाले अनेकदा याला 'तुटलेला सांधा' समजतात. वास्तविक हबच्या मध्यभागी असलेल्या स्पायडर या भागाचे दांडे याच भोकात शिरतात आणि ते कडे म्हणजे त्या दांड्यावर पाते फिरवणारे बुश होय. बुडाचा बाहेरचा काठ कॉलरसारखा फुगीर असतो. पाते फिरताना त्याला बाहेर खेचणारी प्रचंड ताकद हा काठ आणि त्यामागचे बेअरिंग पेलतात. भोकाच्या आत करड्या रंगाचा मऊ धातू ठासलेला दिसला तर तो खरवडू नये. पात्यांचे वजन एकमेकांशी जुळवण्यासाठी तेथे शिशाचे तंतू भरत असत. तो मूळ जोडणीचा पुरावा आहे, आणि शिशाची पूड हातातोंडाला लागणे आरोग्यालाही चांगले नाही.

अशी बांधणी दिसली की हॅमिल्टन स्टँडर्ड ही अमेरिकी कंपनी किंवा तिच्या परवान्याने काम करणारी ब्रिटनमधील डी हॅविलंड यांच्याकडे बोट जाते. स्पिटफायरसाठी प्रोपेलर पुरवणारी दुसरी मोठी ब्रिटिश कंपनी म्हणजे रोटॉल. रोल्स-रॉईस आणि ब्रिस्टल यांनी मिळून १९३७ मध्ये ती स्थापन केली. रोटॉलच्या लाकडी पात्याचे बूड आटे पाडलेल्या धातूच्या टोपणात घट्ट बसवलेले असते. ती रचना एकदा पाहिलेल्या माणसाची हॅमिल्टनच्या बुडाशी गल्लत होणे कठीण आहे.

आता ठोकलेल्या आकड्यांकडे वळू. पंच मारलेल्या अक्षरांवर दशकानुदशके रंगाचे थर बसलेले असतात, त्यामुळे समोरून प्रकाश टाकून ती दिसत नाहीत. खोली अंधारी करून टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरावा, म्हणजे अक्षरांच्या कडांची सावली पडते. त्यानंतर बोटाने थोडी खडूची पूड चोळून वरची पूड कोरड्या फडक्याने पुसावी, म्हणजे खोलगट भागात पांढरी रेघ उरते. यावरही भागले नाही तर पातळ कागद घट्ट धरून मऊ शिसपेन्सिल आडवी घासावी आणि ठसा उतरवून घ्यावा. पाते थोडे थोडे फिरवत बुडाच्या संपूर्ण परिघाचा असा ठसा घ्यावा, कारण आराखड्याचा क्रमांक एका बाजूला आणि अनुक्रमांक दुसऱ्या बाजूला असू शकतो. रंग काढण्यासाठी रिमूव्हर किंवा पॉलिश पेपर वापरण्याची वेळ बहुधा येतच नाही.

आपण वाचलेले '०१ए-१२' फार महत्त्वाचे आहे. हॅमिल्टनच्या पद्धतीत आधी मूळ आराखड्याचा चार अंकी क्रमांक येतो, मग बहुधा एक अक्षर आणि शेवटी आडव्या रेघेनंतर एक संख्या. मूळ आराखड्याच्या व्यासातून किती इंच कमी केले आहेत, हे ती शेवटची संख्या सांगते. ही घट संपूर्ण पंख्याच्या व्यासातली असते, एका पात्यातली नव्हे. म्हणून '-१२' असलेले प्रत्येक पाते मूळ आराखड्यापेक्षा सहा इंचांनीच आखूड असते. ही बाब लक्षात न घेतल्याने हिशेब चुकून पाते भलत्याच विमानाला जोडल्याची उदाहरणे मी अनेक पाहिली आहेत. हार्वर्डच्या प्रोपेलरवरील पात्याचा क्रमांक ६१०१ए-१२ असा असतो आणि त्या पंख्याचा व्यास ९ फूट भरतो. आपल्या आकड्यांचा शेवट याच्याशी जुळतो. पहिले दोन अंक '६१' निघाले की या मुद्द्यावर शंका उरणार नाही, म्हणून ठशाचे काम सर्वांत आधी करावे.

हबवरही असाच संकेत असतो. हब आपल्याकडे नसला तरी ही माहिती उपयोगी आहे, कारण जुन्या बाजारात कधी हब मिळतो, तर कधी नुसते पाते. हार्वर्डचा हब १२डी४० या मालिकेतला असतो. यातला पहिला अंक रचनेतील मोठ्या बदलाचा, दुसरा अंक पात्यांच्या संख्येचा, अक्षर पात्याच्या बुडाच्या आकारमानाचे आणि शेवटची संख्या इंजिनाच्या दांड्यावरील खाचांच्या प्रमाणित मापाची. म्हणजे १२डी४० दोन पात्यांचा, तर २३ई५० तीन पात्यांचा, अधिक जाड बुडाचा आणि मोठ्या दांड्याचा. हा दुसरा हब डकोटा या मालवाहू विमानांवर असे. अक्षर वेगळे असेल तर एका हबचे पाते दुसऱ्यात बसत नाही. त्यामुळे बुडाचा व्यास कॅलिपरने मोजणे हा पडताळणीचा एक स्वस्त आणि भरवशाचा मार्ग आहे.

क्रमांकांशेजारी इतरही शिक्के सापडतात. अनुक्रमांक असतो आणि तपासनिसांचे छोटे गोल किंवा चौकोनी ठसे असतात. ब्रिटिश सरकारी मालावर रुंद फाळाच्या बाणाचे चिन्ह किंवा मुकुटासह हवाई मंत्रालयाची आद्याक्षरे येतात. एखाद्या पात्यावर नॅश-केल्व्हिनेटर किंवा फ्रिजिडेअर असे नाव दिसले तर त्याला बनावट ठरवण्याची घाई करू नये. दुसऱ्या महायुद्धात प्रोपेलरची मागणी एवढी वाढली की हॅमिल्टनचे आराखडे घेऊन शीतकपाटे बनवणाऱ्या या कंपन्यांनीही प्रोपेलर तयार केले. टंकलेखन यंत्रांसाठी प्रसिद्ध असलेली रेमिंग्टन रँडही त्यांत होती. युद्धानंतरच्या काळातील मालाच्या चिठ्ठीवर किंवा खोक्यावर १६१० ने सुरू होणारा लांब क्रमांक दिसला, तर तो नाटोच्या वर्गीकरणातील विमानाचे प्रोपेलर आणि त्यांचे सुटे भाग यांच्या गटाचा आहे, हे ओळखावे. सध्याचा तेरा अंकी क्रमांक १९७४ पासूनचा आहे. त्याआधी तो अकरा अंकी असे. खोक्याची तारीख ठरवायला एवढा फरक पुरेसा होतो. ठोकलेल्या आकड्यांपैकी एखादा रेघ मारून रद्द केलेला आणि शेजारी नवा घातलेला दिसला तर तेही स्वाभाविक आहे. ओव्हरहॉलमध्ये टोक कापून व्यास कमी केला की शेवटची संख्या बदलली जाते.

मापे कशी घ्यावीत, याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण स्पिटफायरचा प्रश्न येथेच निकाली निघतो. पंख्याचा व्यास म्हणजे दोन पात्यांच्या लांबीची बेरीज, असे समजू नये. पाते हबच्या अगदी मध्यापासून सुरू होत नाही. मध्य आणि बूड यांच्यात काही इंचांचे अंतर असते, त्यामुळे एकेरी पात्याची लांबी नेहमी अर्ध्या व्यासापेक्षा कमी भरते. हार्वर्डच्या ९ फूट व्यासाचा अर्धा भाग ५४ इंच. आपले पाते साधारण ५१ इंचांचे आहे, म्हणजे उरलेले तीनेक इंच हबमध्ये जातात. हे बरोबर बसते. आता स्पिटफायर पाहा. भारतीय हवाई दलाकडे आलेल्या स्पिटफायर मार्क ८ च्या चार पात्यांच्या पंख्याचा व्यास १० फूट ९ इंच होता आणि ग्रिफन इंजिनाच्या मार्क १४ चा पाच पात्यांचा पंखा १० फूट ५ इंचांचा होता. म्हणजे हबच्या मध्यापासून टोकापर्यंत पाच फुटांहून अधिक अंतर येते. सव्वाचार फुटांचे पाते त्यात बसवायचे तर टोकाकडचा बराच भाग कापला गेला असे मानावे लागेल. पण आपल्या छायाचित्रात टोक पूर्ण, गोलाईदार आणि कडेपर्यंत पातळ होत गेलेले आहे. कापलेले टोक असे दिसत नाही. तेथे जाडी अचानक संपते. शिवाय त्या काळातल्या स्पिटफायरची रोटॉल पाती बहुतांशी लाकडाची असत. आपले पाते भरीव ॲल्युमिनियमचे आहे.

मोजमापांबरोबर फिरण्याची दिशाही तपासावी. त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. पाते बूड खाली करून उभे धरावे आणि त्याची फुगीर बाजू आपल्याकडे करावी. जाड, बोथट धार ही पुढची धार आणि सुरीसारखी पातळ ती मागची. पुढची धार आपल्या डाव्या हाताला आली तर पंखा उजव्या फिरतीचा असतो, म्हणजे वैमानिकाच्या जागेवरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारा. उजव्या हाताला आली तर डाव्या फिरतीचा. आपल्या पहिल्या छायाचित्रात फुगीर बाजू समोर आहे आणि जाड धार डावीकडे आहे, म्हणजे हा पंखा उजव्या फिरतीचा. हार्वर्डशी हे जुळते. ग्रिफन इंजिन असलेले स्पिटफायर, तसेच स्वातंत्र्यानंतर भारतीय हवाई दलाने वापरलेले सेंटॉरस इंजिनाचे टेम्पेस्ट ही दोन्ही डाव्या फिरतीची विमाने होती. मर्लिन इंजिनाचे स्पिटफायर उजव्या फिरतीचे असते. त्यामुळे केवळ दिशेवरून स्पिटफायर नावाची सगळी विमाने बाद होत नाहीत, पण लांबी आणि बूड यांच्या जोडीला हा मुद्दा धरला की घरातल्या आख्यायिकेला आधार उरत नाही.

पाते कशाचे आहे, हे ठरवण्याची पहिली पायरी म्हणजे साधे लोहचुंबक. चुंबक पात्याच्या मुख्य भागाला चिकटला तर ते पोलादाचे, आणि बहुधा आतून पोकळ असते. कर्टिस इलेक्ट्रिक आणि एअरोप्रॉडक्ट्स या अमेरिकी कंपन्यांनी अशी पोकळ पोलादी पाती केली. भारतीय हवाई दलाच्या सी-११९जी पॅकेट या मालवाहू विमानांवरचे चार पात्यांचे पंखे एअरोप्रॉडक्ट्सचे होते. बोटाने टिचकी मारली तरी पोकळ पात्याचा आवाज वेगळा येतो. लाकडी पात्याच्या बाबतीत टोकाकडच्या टवक्यातून किंवा तुटलेल्या कडेतून पातळ थरांची रास दिसते. रोटॉलसाठी वापरलेले जाब्लो हे राळ मुरवून दाबलेले लाकूड इतके घट्ट असते की ते प्रथम हातात घेणाऱ्याला प्लास्टिकच वाटते. त्यावर प्लास्टिकचे आवरण आणि पुढच्या धारेवर धातूची पट्टी असते.

ॲल्युमिनियमचे पाते चुंबकाला दाद देत नाही आणि उचलल्यावर वजन जाणवते. येथे मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. युद्धाच्या सुरुवातीच्या काळात रोटॉलने मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची पातीही वापरली होती. ती ॲल्युमिनियमहून लक्षणीय हलकी असतात आणि गंजल्यावर त्यांच्यावर पांढरट, भुसभुशीत खपली येते. अशा पात्यावर ग्राइंडर चालवणे धोक्याचे आहे, कारण मॅग्नेशियमचा किस पेट घेतो आणि त्यावर पाणी ओतल्यास आग अधिकच भडकते. धातूबद्दल शंका असेल तेथे भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत स्पेक्ट्रो, म्हणजे धातूतील घटकांचे प्रमाण सांगणारी चाचणी, करून देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. बुडाच्या आतल्या, न दिसणाऱ्या जागेवर चाचणी करून मागावी. हॅमिल्टनची पाती ज्या घडीव मिश्रधातूची असत, त्यात तांबे साधारण ४ ते ५ टक्के आणि सिलिकॉन एक टक्क्याच्या आसपास असते. अहवालात सिलिकॉन १० ते १३ टक्के आले तर ते एलएम६ जातीचे ओतीव ॲल्युमिनियम समजावे आणि वस्तू सजावटीसाठी ओतलेली आहे, असा निष्कर्ष बेधडक काढावा. फिरणाऱ्या पंख्याचे पाते कोणीही त्या धातूत ओतणार नाही.

अशा नकला अलीकडे हॉटेले आणि कार्यालये सजवण्यासाठी सर्रास मिळतात, म्हणून त्यांची एक खूण येथेच सांगून ठेवतो. खऱ्या पात्याला पीळ असतो. बुडाकडून टोकाकडे जाताना त्याचा कोन सतत कमी होत जातो, कारण टोक बुडापेक्षा कितीतरी अधिक वेगाने हवा कापते. पाते टेबलावर ठेवून बुडाच्या बाजूने डोळा लावून पाहिले की हा पीळ एका नजरेत दिसतो. नकली पात्यात तो नसतो किंवा सगळीकडे सारखा असतो. पीळ नसणारी दुसरी वस्तू म्हणजे शीतमनोऱ्याच्या पंख्याचे पाते. चिंचवड आणि भोसरीच्या कारखान्यांतून निघालेली अशी पाती बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात 'विमानाचा पंखा' म्हणून विकायला ठेवलेली दिसतात. चेतक हेलिकॉप्टरची पातीही कधी कधी यांतच खपवली जातात. त्यांची रुंदी पूर्ण लांबीभर जवळजवळ सारखी असते आणि ती आतून भरीव नसतात. प्रोपेलरचे पाते मध्यावर रुंद होऊन टोकाकडे आवळत जाते, ही खूण लक्षात ठेवावी.

रंगाला मी पुराव्यात शेवटचे स्थान देतो. काळे पाते आणि टोकाला चार इंचांचा पिवळा पट्टा ही पद्धत युद्धकाळात ब्रिटिश आणि अमेरिकी अशा दोन्ही हवाई दलांत होती, त्यामुळे त्यावरून देशसुद्धा ठरत नाही. पट्ट्याचे प्रयोजन एवढेच की फिरणारा पंखा जमिनीवरील माणसांना दिसावा. लाल-पांढऱ्या-लाल पट्ट्यांचे टोक दिसले तर अमेरिकी नौदलाच्या युद्धोत्तर पद्धतीचा विचार करावा. मात्र रंग दर ओव्हरहॉलला नव्याने दिला जात असे आणि विमान निवृत्त झाल्यावर शोभेसाठी ठेवताना पुन्हा कोणीतरी दिलेला असतो. रंगाखाली पात्याच्या मध्याजवळ आडवी रेघ किंवा चिकटवलेल्या पट्टीचे अवशेष असतील तर ते मात्र जपावेत. हॅमिल्टनच्या अनेक पात्यांचा कोन हबच्या मध्यापासून ४२ इंचांवर मोजत असत, आणि त्या जागी खूण करून किमान व कमाल कोन पट्टीवर लिहिलेले असत. तेवढी पट्टी शाबूत असेल तर तिच्यावरून प्रोपेलरची जोडणी जवळपास निश्चित करता येते. ओएलएक्ससारख्या ठिकाणी विकल्या जाणाऱ्या पात्यांवरील कंपन्यांच्या कोऱ्या करकरीत, चकचकीत बोधचिन्हांवर विश्वास ठेवू नये. ती स्टिकरे हल्ली छापून मिळतात.

आता पुण्यात ही वस्तू कशी आली असावी, याकडे पाहू. अमेरिकी बनावटीची पाती भारतात येण्याचा मोठा ओघ दुसऱ्या महायुद्धातला आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये स्थापन केलेला बंगळुरूचा हिंदुस्तान एअरक्राफ्टचा कारखाना १९४३ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या ताब्यात देखभाल केंद्र म्हणून गेला, आणि तेथे मोठ्या संख्येने विमाने दुरुस्त झाली. युद्धानंतर अमेरिकी आणि ब्रिटिश विमाने, इंजिने व सुटे भाग यांचा प्रचंड साठा देशात मागे राहिला. हार्वर्ड विमाने भारतीय हवाई दलाच्या प्रशिक्षणात पुढे सत्तरच्या दशकापर्यंत राहिली, त्यामुळे त्यांच्या पात्यांचा साठा आणि निकाली माल दोन्ही विपुल होते. सरकारी अतिरिक्त मालाचे लिलाव तेव्हापासून होतच आहेत. आता त्यांतले बरेच एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत ऑनलाइन होतात. आजोबांनी लोहगावच्या लिलावातून पाते आणले, हा आपल्या घरातील कथेचा भाग म्हणूनच मला पूर्ण विश्वासार्ह वाटतो. कथेतील विमान तेवढे बदलावे लागेल. असे वारंवार होते. ठिकाण आणि माणूस यांच्या आठवणी पक्क्या राहतात, पण विमानाचे नाव कालांतराने अधिक प्रसिद्ध नावाकडे सरकते.

पाते विमान का सांगू शकत नाही, याचे पुण्यापुरते उत्तम उदाहरण म्हणजे २३ई५० हबची तीन पात्यांची जोडणी. डकोटा आणि लिबरेटर हे बॉम्बफेकी विमान या दोन्हींवर प्रॅट अँड व्हिटनीची एकाच जातीची चौदा सिलिंडरांची इंजिने होती आणि प्रोपेलरही याच मालिकेचे, सुमारे साडेअकरा फूट व्यासाचे. कानपूरला सोडून दिलेल्या लिबरेटर विमानांमधून हिंदुस्तान एअरक्राफ्टने १९४८ पासून अनेक विमाने पुन्हा उडती केली. त्यांतली काही क्रमांक ६ स्क्वाड्रनमध्ये पुण्याहून सागरी टेहळणीसाठी वापरली गेली आणि १९६८ च्या अखेरीपर्यंत सेवेत राहिली. त्यांतले केएन७५१ हे विमान आज लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये उभे आहे. उद्या लोहगावच्या परिसरात कोणाला ६४७७ए-० क्रमांकाचे पाते मिळाले, तर ते लिबरेटरचे की डकोटाचे, हे पात्याकडे कितीही वेळ पाहून सांगता येणार नाही, कारण तो आराखडा दोन्हीकडे चालत असे. त्यातच ओव्हरहॉलच्या वेळी पाती विमानाच्या नावाने राखून ठेवत नसत. ती सुटी होत, तपासली जात, वजन जुळणाऱ्या दुसऱ्या पात्यांबरोबर नव्या हबवर चढत आणि गरज असेल त्या विमानावर जात. एकाच पात्याने आपल्या आयुष्यात अनेक विमाने पाहिलेली असू शकतात. विशिष्ट विमानाशी दुवा जोडायचा असेल तर पात्याच्या अनुक्रमांकाचा उल्लेख असलेले प्रोपेलरचे लॉगबुक किंवा लिलावाची पावती लागते. म्हणून त्याच माळ्यावरच्या जुन्या ट्रंकेतील कागदपत्रे फेकू नयेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. पावती ही मालकी सिद्ध करण्यासाठीही उपयोगी पडते. संरक्षण दलाचा माल विकताना पुढचा खरेदीदार ती मागतोच आणि त्याने मागावी.

रशियन बनावटीच्या पात्यांबद्दल थोडक्यात सांगतो. एएन-१२ आणि एएन-३२ या विमानांवर एव्ही-६८ मालिकेचे चार पात्यांचे पंखे असतात. एएन-३२ चा व्यास ४.७ मीटर आहे. बुडावरील अक्षरे रशियन लिपीत असतात, पाती आकाराने अवाढव्य असतात आणि पुढच्या धारेवर बर्फ वितळवण्यासाठी विजेवर तापणारा पट्टा असतो. यांची हार्वर्डशी गल्लत होण्याचा प्रश्नच नाही.

आपल्या तिसऱ्या छायाचित्रात टोकापासून वीतभर अंतरावर पाते किंचित मागे वाकलेले दिसते आणि त्यावरून 'हे अपघातातले असावे का' असे आपण विचारले आहे. इंजिन जोरात चालू असताना पंखा जमिनीला लागला तर टोके बहुधा पुढे वळतात आणि इंजिन बंद किंवा मंद असताना ती मागे वळतात, असा ढोबळ ठोकताळा अपघातांच्या तपासात वापरतात. पण तो पंख्याची सगळी पाती एकत्र पाहून लावायचा असतो. एका सुट्या पात्यावरचा एवढासा बाक लिलावाच्या ढिगात किंवा ट्रकमधून उतरवतानाही पडू शकतो. त्यावर अपघाताची कथा रचू नये आणि बाक ठोकून सरळही करू नये, कारण जुना घडीव धातू तेथेच तडकण्याची शक्यता असते.

मोलाबद्दल विचारले आहे, तर भंगाराच्या भावाने वजनावर विकण्याची ही वस्तू नव्हे, एवढे नक्की सांगतो. संग्राहक क्रमांकांची सुवाच्यता, मूळ रंग, न कापलेले टोक आणि कागदपत्रे यांना किंमत देतो, चकाकीला नाही. बफिंग केल्याने नेमक्या याच गोष्टी नष्ट होतात. आरशासारखे चमकणारे पाते दिवाणखान्यात शोभेल, पण त्याचा पृष्ठभाग, पट्टीचे अवशेष आणि उथळ शिक्के कायमचे गेलेले असतील. हे पाते उड्डाणासाठी मात्र कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. अनेक वर्षे माळ्यावर पडलेल्या पात्याच्या आत गंज किंवा सूक्ष्म तडे असू शकतात. मान्यताप्राप्त कार्यशाळेच्या तपासणीशिवाय ते केवळ शोभेची वस्तू आहे आणि विकताना पावतीवर तसे लिहून द्यावे.

स्वच्छतेसाठी कोमट पाणी, सौम्य साबण आणि नायलॉनचा मऊ ब्रश पुरेसे आहेत. कॉस्टिक सोडा असलेले नळ साफ करण्याचे द्रव चुकूनही वापरू नयेत, कारण ते ॲल्युमिनियम खातात. ओव्हरहॉल कार्यशाळा कॉस्टिक वापरत हे खरे, पण ते तडे उघडे पाडण्यासाठी, मोजून आणि लगेच नायट्रिक आम्लाने निष्प्रभ करून. पाते पूर्ण वाळल्यावर मेणाचा एक पातळ थर द्यावा आणि बुडावरील आकड्यांमध्ये मेण साचू देऊ नये. भिंतीवर लावण्यासाठी पात्याला भोक पाडू नये. बुडाच्या कॉलरखाली एक आणि मध्यावर एक अशा दोन लाकडी खाचा सुताराकडून करून घ्याव्यात, त्यांना आतून नमदा लावावा आणि त्या विटांच्या भिंतीत अँकर बोल्टने बसवाव्यात. नव्या इमारतींतील पोकळ ब्लॉकच्या भिंतीवर हे वजन टांगू नये. तेथे ते जमिनीवर लाकडी बैठकीत, बूड खाली ठेवून उभे करावे आणि वरच्या बाजूला भिंतीशी पट्ट्याने अडकवावे. घरात लहान मुले असतील तर मागच्या पातळ धारेवर रबराची पन्हळ बसवावी; ती चिकटवू नये, नुसती दाबून बसवावी.